दाताच्या दवाखान्यातला फोन कोणी उचलायचा?

महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत दाताचे असंख्य दवाखाने एका डॉक्टरच्या बळावर चालतात. आत एक किंवा दोन खुर्च्या, बाहेर चार-सहा माणसांना बसायला जागा आणि मदतीला एक असिस्टंट. ही असिस्टंट सक्शन धरते, सिमेंट कालवते, हत्यारे धुऊन ऑटोक्लेव्हला लावते, केस पेपर काढते, पैसे घेते, कॅप तयार झाली का हे लॅबला विचारते आणि या सगळ्यातून जमेल तेव्हा फोनही उचलते. फोन नीट उचलला जावा, याबद्दल कोणाचे दुमत नसते. मतभेद सुरू होतात ते त्यासाठी कोणाचा वेळ खर्चायचा आणि फोनवर काय बोलू द्यायचे, यावरून. हाताच्या कौशल्यावर भिस्त ठेवणारे डॉक्टर फोनला दवाखान्याच्या बाहेरची गोष्ट मानतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की उपचार फोनवरच सुरू होतो आणि तिथे चूक झाली तर पुढचे कसब वाया जाऊ शकते.

हा वाद केवळ सोयीचा नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकायला हवा. पुढच्या संवादातले डॉक्टर आणि व्यवस्थापिका कल्पित आहेत. डॉक्टरांचा एका खुर्चीचा दवाखाना आहे. व्यवस्थापिका दवाखान्यांच्या रिसेप्शनचे कामकाज बसवून देतात. माझा कौल मी शेवटी देईन, पण डॉक्टरांचे आक्षेप खरे आहेत आणि ते टाळून कुठलीही सुधारणा टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डॉक्टर : पेशंट माझ्याकडे येतो तो माझ्या हातासाठी. रूट कॅनाल नीट झालं, कॅप चपखल बसली, दाढ काढताना दुखलं नाही, की तो घरी जाऊन चार जणांना सांगतो. माझा दवाखाना त्या सांगण्यावर उभा आहे. फोन दिवसभर वाजतच असतो. ज्याचं खरंच दुखतंय तो पुन्हा करतो, नाहीतर सरळ येऊन बसतो. माझ्याकडे एकच मुलगी आहे आणि तिचं पहिलं काम माझ्या शेजारी उभं राहणं आहे. ती फोनवर चांगलं बोलते की नाही, यावर एखाद्याचा दात वाचतो किंवा जातो, असं मला वाटत नाही.

व्यवस्थापिका : डॉक्टर, कधी कधी नेमकं तसंच होतं. नऊ-दहा वर्षांचं मूल शाळेच्या मैदानावर पडतं आणि पुढचा पक्का दात मुळासकट निघून येतो. आई घाबरून तुम्हाला फोन करते. अशा वेळी काय करायचं, हे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजीच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. दात मुळाला हात न लावता, दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरायचा. तो घासायचा, खरवडायचा नाही. जमलं तर तिथल्या तिथे जागेवर बसवायचा, नाही जमलं तर दुधात ठेवून लगेच निघायचं. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही. दात तासाभराहून जास्त कोरडा राहिला, तर मुळावरच्या पेशी जगण्याची आशा जवळजवळ संपते. आता हाच फोन कोणी उचललाच नाही, किंवा उचलून 'डॉक्टर बिझी आहेत, पाच वाजता या' असं सांगितलं, तर आई दात रुमालात गुंडाळून पाच वाजता येईल. त्यानंतर तुमचा हात कितीही कसबी असला तरी गेलेली वेळ परत येणार नाही. या पेशंटचा पहिला उपचार दुधाची वाटी हा होता आणि तो फोनवरच देता आला असता.

डॉक्टर : असे फोन वर्षातून किती येतात? रोज येणारे फोन वेगळेच असतात. 'डॉक्टर आहेत का?', 'रूट कॅनालला किती घेता?', 'माझी कवळी आली का?'. क्वचित येणाऱ्या फोनच्या नावाखाली तुम्ही रोजचं कामकाज बदलायला सांगता. आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. बारावी झालेली मुलगी फोनवर सल्ला द्यायला लागली, तर ते किती धोक्याचं आहे! 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून या देशात नोंदणी झालेल्या दंतवैद्यानेच दातांचे उपचार करावेत, असा नियम आहे. तो नियम उगाच केलेला नाही. तिने एखाद्याला 'काही नाही, होईल बरं' असं सांगितलं आणि त्याची सूज गळ्यात उतरली, तर जबाबदार मीच.

व्यवस्थापिका : जबाबदार तुम्हीच, हे शंभर टक्के मान्य. म्हणून तर तिने काय विचारायचं आणि काय बोलायचं नाही, हे तुम्ही लिहून द्यायला हवं. आजही ती सल्ला देतेच आहे. 'दुखतंय, कुठली गोळी घेऊ?' या प्रश्नाला ती काहीतरी उत्तर देते, आणि ते उत्तर तुमच्या कानावरही येत नाही. मी निदानाबद्दल बोलत नाही, फोनची वर्गवारी करण्याबद्दल बोलते आहे. एका पानाचा कागद करा. सूज आहे का? ताप आहे का? तोंड उघडतंय का? गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय का? दात पडलाय किंवा हललाय का? दाढ काढल्यानंतरचं रक्त थांबत नाही का? यातल्या कशालाही 'हो' आलं, तर हातातलं थांबवून तुम्हाला विचारायचं. जबड्याखाली सूज पसरून गिळायला, श्वास घ्यायला त्रास होणाऱ्या जंतुसंसर्गाचं वर्णन लुडविग या जर्मन डॉक्टरने 1836 साली केलं. त्याच्याच नावाने तुम्ही तो शिकलात. अशा पेशंटला उद्या अकराची वेळ देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. त्याला दवाखान्यातही न बोलावता थेट मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं. जे प्रसंग क्वचित येतात ते माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणूनच ते कागदावर हवेत. आणि त्याच कागदाच्या तळाशी मनाईही हवी : कुठल्याही गोळीचं नाव सांगायचं नाही आणि चालू असलेली कुठलीही गोळी बंद करायला सांगायचं नाही.

डॉक्टर : गोळ्यांचं म्हणाल, तर ते मी खुर्चीवर बसवल्यावर विचारतोच.

व्यवस्थापिका : तेव्हा उशीर झालेला असतो. दाढ काढायला आलेले आजोबा खुर्चीवर बसल्यावर कळतं, की ते रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेतात आणि रक्त गोठण्याच्या तपासणीचा, आयएनआरचा, रिपोर्ट आणलेला नाही. तुम्ही त्यांना परत पाठवता. त्यांचा प्रवास वाया, सोबत आलेल्या मुलाची रजा वाया, तुमची खुर्ची रिकामी. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या माणसाला काही उपचारांच्या आधी 30 ते 60 मिनिटं प्रतिजैविक द्यावं लागतं, तेही आयत्या वेळी साधत नाही. मधुमेही माणसाला 'सकाळी नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊन या' हे एक वाक्य आधी सांगितलं नाही, तर तो उपाशी येतो आणि बाहेर दोन तास बसून राहतो. हे चार प्रश्न फोनवर विचारायला दोन मिनिटं लागतात. शिवाय त्या उत्तरांवरून अपॉइंटमेंट किती मिनिटांची द्यायची हेही ठरतं. कवळी टोचतेय म्हणून येणाऱ्याला दहा मिनिटं पुरतात. अडकलेल्या अक्कलदाढेला तासही कमी पडू शकतो. तुमच्या डायरीत मात्र दोघांच्या नावापुढे सारखीच जागा असते.

इथपर्यंत व्यवस्थापिकांची बाजू वैद्यकीय पुराव्यावर उभी आहे आणि मला ती खोडता येत नाही. पण डॉक्टरांचा पुढचा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा आहे. छोट्या दवाखान्यात तोच निर्णायक ठरतो, त्यामुळे संवादाचा खरा कस इथून पुढे लागतो.

डॉक्टर : बरं, कागद लिहून देतो. पण फोन उचलणार कोण? रूट कॅनाल चालू आहे, रबर डॅम लावलाय, माझ्या हातात फाइल आहे, तिच्या हातात सक्शन आहे. त्या वेळी ती ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने फोन धरणार? मग स्वच्छता कुठे राहिली? ती निघून गेली तर माझं काम अडतं. दुसरी मुलगी ठेवा म्हणाल, तर तिचा पगार पेशंटच्या बिलातूनच निघणार. माझ्याकडे रिक्षावाले येतात, शेतमजूर येतात. तुमच्या व्यवस्थेसाठी त्यांनी जास्त पैसे का द्यायचे?

व्यवस्थापिका : उपचार चालू असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाने फोन उचलू नये, हे तुम्ही बोललात तेच मला म्हणायचं आहे. एकच व्यक्ती एकाच वेळी दोन्हीकडे असू शकत नाही, आणि तसं धरून चालणारा दवाखाना दोन्ही पेशंटवर अन्याय करतो : खुर्चीवरच्यावर आणि फोनवरच्यावर. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा डॅनिश गणितज्ञ एर्लांग याने 1909 सालीच दाखवलं, की फोन सारख्या अंतराने येत नाहीत, ते योगायोगाच्या नियमाने येतात. कधी तासभर शांतता, कधी एकापाठोपाठ तीन. पुढे 1917 मध्ये त्याने मांडलेल्या सूत्राने हिशेब करून पाहा. तासाला सरासरी 10 फोन, प्रत्येक 3 मिनिटांचा, लाइन एक, आणि फोन घेणारीला दुसरं काहीच काम नाही असं धरा. एंगेज लागलेल्याने पुन्हा फोन केला नाही, तर एकतृतीयांश फोन हुकतात, आणि तिचा दोन तृतीयांश वेळ तरीही रिकामा जातो. म्हणजे नुसती माणसं वाढवणं हा उपाय नाहीच. हुकलेल्या फोनचं काय करायचं, हे ठरवणं हा उपाय आहे.

डॉक्टर : ते कसं ठरवायचं?

व्यवस्थापिका : पूर्ण दिवसाची दुसरी मुलगी नको. तुमचे फोन कोणत्या वेळी जास्त येतात ते आठवडाभर लिहा. दवाखाना उघडताना आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येत असतील, तर तेवढ्या दोन-दोन तासांसाठी कोणी तरी ठेवा. बाकीच्या वेळात हुकलेल्या प्रत्येक फोनला दवाखान्याच्या नंबरवरून लगेच मराठीत मेसेज जाऊ दे : 'उपचार चालू आहेत, अर्ध्या तासात फोन करतो. दात पडला असेल, सूज वाढत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर आत्ताच पुन्हा फोन करा.' काही मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा फोन आला, की तो अडवायचा नाही, ग्लोव्ह्ज काढून घ्यायचाच. अनेक स्मार्टफोनमध्ये शांत ठेवलेला फोन दुसऱ्या वेळी वाजू देण्याची सोयही असते. बाकीचे फोन एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंतच्या वेळात करायचे. त्यासाठी ती वेळ डायरीत मोकळी ठेवावी लागेल, खुर्ची पुसून होते तेवढ्यात उरकू असं म्हणून चालणार नाही. आता पैशाचं. समजा, न सांगता गैरहजर राहिलेल्या पेशंटमुळे रोज 45 मिनिटं खुर्ची रिकामी जाते. महिन्याच्या 25 दिवसांत ते पावणेएकोणीस तास झाले. त्या तासांचं भाडं, वीज, पगार तुमचे हजर पेशंट आजही भरताहेत. त्या रिक्षावाल्याच्या बिलात ते आधीच धरलेलं आहे.

डॉक्टर : गैरहजेरीचं दुखणं मला नका सांगू. 'येतो' म्हणतात आणि येत नाहीत, म्हणून तर मी एकाच वेळेला तिघांना बोलावतो. कोणीतरी येतंच. आणि आठवण करायला फोन करणं मला पटत नाही. वैद्याने गिऱ्हाईक बोलावल्यासारखं दिसतं ते.

व्यवस्थापिका : डॉक्टर रिकामा बसू नये म्हणून पेशंटला जास्त संख्येने बोलावणं जुनंच आहे. वेल्च आणि बेली या दोघांनी ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांचा अभ्यास करून 1952 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की डॉक्टरची काही मिनिटं वाचवण्यासाठी पेशंटचे तास खर्ची पडतात. सुरुवातीला दोघांना बोलवा आणि नंतर सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकाला, असा उपाय त्यांनी सुचवला. म्हणजे थोडी गर्दी हाताशी ठेवण्याची तुमची कल्पना चुकीची नाही, फक्त प्रत्येक वेळेला तिघे हे प्रमाण चुकीचं आहे. दोन तास बसून राहिलेला पेशंट पुढच्या वेळी वेळेवर का येईल? त्याला वेळ न पाळायला आपणच शिकवतो. आणि आठवणीबद्दल पुरावा स्पष्ट आहे. कॉक्रेन संस्थेने 2013 मध्ये 8 चाचण्यांचा, एकूण 6,615 लोकांचा आढावा घेतला. मोबाइलवर आठवणीचा मेसेज पाठवल्यावर वैद्यकीय अपॉइंटमेंटची हजेरी वाढते, आणि ती फोन करून आठवण दिल्याइतकीच वाढते, असं त्यात दिसलं. मेसेजला खर्च कमी. तुमच्या शाखेत तर आठवण हा उपचाराचाच भाग आहे. रूट कॅनालच्या पहिल्या सिटिंगनंतर ठणका जातो आणि माणसाला वाटतं, झालं बरं. आत तात्पुरतं सिमेंट आहे, ते टिकणारं नाही, लाळ झिरपून जंतू परत शिरतील, कॅपवाचून दाढ चिरेल, हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असतं. ज्याला पुढचा धोका माहीत आहे त्याने सांगणं हे गिऱ्हाईक बोलावणं नाही, ते कर्तव्य आहे. फक्त बोलावण्याआधी आदल्या संध्याकाळी लॅबची यादी तपासा. कॅप आलेली नसताना माणसाला बोलावलं, तर पुढची आठवण तो मनावर घेणार नाही.

डॉक्टर : हे सगळं केलं, की दवाखान्याचं कॉल सेंटर होईल. माझे जुने पेशंट थेट माझ्या मोबाइलवर फोन करतात. मी आवाजावरून ओळखतो, 'काका, या' म्हणतो. कागदावरचे प्रश्न वाचून दाखवणाऱ्या आवाजात ती आपुलकी कुठून येणार? म्हातारी माणसं मेसेज वाचत नाहीत. आणि व्हॉट्सॲपवर सुजलेल्या गालाचे फोटो पाठवून 'काय करू' विचारतात, त्याचं काय?

व्यवस्थापिका : कागद काय विचारायचं ते सांगतो, कसं बोलायचं ते सांगत नाही. समोरचा मालवणीत बोलला तर तिने मालवणीत बोलावं, हिंदीत बोलला तर हिंदीत. म्हाताऱ्या माणसांना मेसेज नको, फोनच करायचा, आणि कोणाला करायचा, त्यांना की सुनेला, हे पहिल्या भेटीत विचारून केस पेपरवर लिहायचं. तुमची ओळख मोलाची आहे, पण ती तुमच्या एकट्याच्या डोक्यात राहिली, तर तुम्ही गावाला गेलात की काका अनोळखी होतात. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि त्यांची भीती कागदावर असेल, तर फोन उचलणारी मुलगीही त्यांना ओळखीने विचारू शकते. फोटोचं म्हणाल, तर दवाखान्याचं वेगळं खातं आणि वेगळा फोन ठेवा. असिस्टंटच्या खासगी मोबाइलवर लोकांचे चेहरे आणि रिपोर्ट राहता कामा नयेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्ये केला, पण कायदा नसता तरी हे योग्यच ठरलं असतं. आणि बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कोणाच्या कवळीची किंवा थकलेल्या पैशांची चर्चा फोनवर करायची नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

डॉक्टर : दर विचारणाऱ्यांचं काय? बघितल्याशिवाय आकडा सांगितला, की तो शब्द धरून बसतात.

व्यवस्थापिका : आकडा लपवला तर माणूस येतच नाही, किंवा मनात शंका घेऊन येतो. कमीत कमी ते जास्तीत जास्त सांगा. किती सिटिंग लागतील, एक्स-रे त्यात धरलाय की नाही, कॅपचे वेगळे पडतील का, हे सांगा, आणि तपासल्यावर लेखी अंदाज देऊ म्हणा. हातावर पोट असलेल्या माणसाला एका खाड्याचाही हिशेब करावा लागतो. किती वेळा यायचंय हे कळलं नाही, म्हणून तो अर्ध्यावर उपचार सोडतो.

डॉक्टर : तुमचं बरंच पटतंय. पण माझी एक अट आहे. हे सगळं त्याच मुलीच्या माथी मारायचं आणि पगार तोच ठेवायचा, असं असेल तर ते मला मान्य नाही. आणि फोन नीट उचलला म्हणून वाईट काम चांगलं होत नाही, हेही लिहून ठेवा.

व्यवस्थापिका : दोन्ही मान्य. तिला शिकवायला वेळ द्यावा लागेल, चुकली तर पेशंटसमोर न ओरडता सांगावं लागेल आणि वाढलेल्या जबाबदारीचे पैसे द्यावे लागतील. हे जिथे होत नाही, तिथे मी बसवलेली व्यवस्थाही काही महिन्यांत मोडते.

आता माझा कौल. डॉक्टरांचे तीन मुद्दे शेवटपर्यंत टिकतात : जबाबदारी त्यांची आहे, शिक्षण नसलेल्या माणसाने उपचार सांगू नयेत आणि व्यवस्थेचा भार गरीब पेशंटवर किंवा असिस्टंटवर पडू नये. पण हे तिन्ही मुद्दे फोनकडे दुर्लक्ष करण्याच्या बाजूने जात नाहीत, उलट दिशेने जातात. जबाबदारी डॉक्टरची असेल, तर फोनवरचे प्रश्न डॉक्टरनेच लिहायला हवेत. असिस्टंटने सल्ला द्यायचा नसेल, तर तिने कुठे थांबायचे आणि कोणाला विचारायचे हे तिला लिहून मिळायला हवे. आणि भार कोणावर पडतो हे बघायचे असेल, तर रिकाम्या खुर्चीचा, वाया गेलेल्या प्रवासाचा आणि अर्धवट सुटलेल्या रूट कॅनालचा भार आज कोण उचलतो आहे, तेही मोजायला हवे. फोन हा उपचाराचा भाग आहे, आणि खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या माणसावर तो सोपवणे ही उपचारातली उणीव आहे, असे माझे मत आहे.

त्यासाठी लगेच महागडे सॉफ्टवेअर घ्यायची किंवा यंत्राच्या आवाजाला फोन द्यायची गरज नाही. सूज आली आहे असे सांगणाऱ्याशी तरी माणसानेच बोलावे. दंतवैद्यांना माझी विनंती आहे, की एक आठवडा दवाखान्यातला प्रत्येक फोन वहीत लिहा : किती वाजता आला, कशासाठी आला, उचलला गेला का, नसेल तर परत केव्हा केला. शनिवारी रात्री ती वही असिस्टंटसोबत बसून वाचा आणि मग तो एका पानाचा कागद लिहून, तारीख घालून, सही करून फोनशेजारी लावा. आणि वाचकांना विनंती, की दाताच्या डॉक्टरांना फोन करताना सूज, ताप, चालू गोळ्या आणि जुने आजार स्वतःहून सांगा, आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. तुम्ही मोकळी केलेली वेळ ठणक्याने रात्रभर जागलेल्या दुसऱ्या कोणाला तरी मिळते.